व्हिसाची फाईल कुणाच्या ताब्यात?

कोणत्याही देशाचा विद्यार्थी व्हिसाचा अर्ज उघडा. अमेरिकेचा डीएस-160 असो, ब्रिटनचा ऑनलाइन अर्ज असो की कॅनडाच्या स्टडी परमिटचा, शेवटी मजकूर जवळपास तोच असतो: वरची माहिती खरी आहे आणि ती खोटी ठरली तर होणारे परिणाम मला मान्य आहेत. पुण्यात दर वर्षी मार्च ते ऑगस्टमध्ये कितीतरी मुलंमुली या मजकुराला मान्यता देतात आणि त्यांतल्या अनेकांनी वरची माहिती वाचलेलीच नसते. अर्ज भरला जातो एफसी रोड, जेएम रोड किंवा कर्वे रोडवरच्या एखाद्या कन्सल्टन्सीत. ईमेल आयडी तिथला, पासवर्डही तिथला. मुलाच्या मोबाइलवर येतो तो फक्त 'सबमिट झालं' एवढा निरोप.

नंबर लागतो, लॉटरी लागते, तसा आपल्याकडे व्हिसा 'लागतो'. निकाल नशिबावर आहे असं एकदा मानलं की कागद दुसऱ्याच्या हाती देताना कुणाला काही वाटत नाही. प्रत्यक्षात हा बराचसा हिशेबाचा आणि सुसंगतीचा मामला आहे. नियम छापील आहेत, रकमा ठरलेल्या आहेत, नकाराची कारणंही ठरावीक आहेत. म्हणून अर्ज विद्यार्थ्याच्याच ताब्यात असला पाहिजे: लॉगिन त्याचं, ईमेल त्याचा, प्रत्येक उत्तर त्याने वाचलेलं. सल्लागाराने शेजारच्या खुर्चीवर बसावं, की-बोर्डसमोर नव्हे. आणि हे मुलांच्या सावधपणावर सोडून चालणार नाही. कॉलेज, विद्यापीठ आणि राज्य सरकार या तिघांचंही त्यात काम आहे.

सल्ला मोफत का मिळतो, इथून सुरुवात करू. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा इथली अनेक विद्यापीठं विद्यार्थी आणून देणाऱ्या एजंटाला पहिल्या वर्षाच्या फीचा काही टक्का देतात. समजा फी 18,000 पौंड आणि कमिशन 15 टक्के, तर 2,700 पौंड, म्हणजे तीन लाख रुपयांच्या आसपास. यात बेकायदा काही नाही. पण जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांकडून असं कमिशन सहसा मिळत नाही, खासगी विद्यापीठांकडून मिळतं. त्यामुळे जर्मनीला जायचं म्हणून आलेल्या मुलाला सरकारी विद्यापीठ 'तुझ्या प्रोफाइलला अवघड आहे' असं सांगितलं गेलं, तर ते कधी खरं असतं आणि कधी नसतं. कोणत्या विद्यापीठाकडून किती मिळतं हे पालक विचारत नाहीत. मोफत गोष्टीचा भाव विचारणं आपल्याला अवघड वाटतं.

फाईल हातातून गेली की पहिली चूक नावापासून होते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आपल्याकडे आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि 'दिलेली नावं' वेगळी, ज्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र. भरणाऱ्याने घाईत गुणपत्रिकेवरून नाव उचललं तर वडिलांचं नाव आडनावाच्या जागी जाऊन बसतं. विद्यापीठाचं ऑफर लेटर त्याच चुकीच्या नावाने निघतं, त्यावरून अमेरिकेसाठी आय-20 किंवा ब्रिटनसाठी कॅस हा प्रवेशाचा दाखला निघतो, आणि चूक लक्षात येते बँकेच्या कर्जपत्रावर. मग विद्यापीठाकडून दुरुस्त कागद मागवायचा, आणि जुलैमध्ये तिकडच्या कार्यालयांतून उत्तर यायला दिवस लागतात. मुलाने स्वतः पासपोर्ट समोर ठेवून अर्ज भरला असता तर ही चूक बहुधा झालीच नसती. स्वतःचं नाव चुकीचं लिहिलेलं कुणालाही पटकन दिसतं.

पैशांच्या कागदांवर जास्त वेळ घालवायला हवा, कारण खरी पडझड तिथेच होते. ब्रिटनचं उदाहरण घेऊ, तिथला हिशेब सर्वांत उघड आहे. विद्यार्थी व्हिसाला 70 गुण लागतात: कॅसच्या अटींचे 50, पैशांचे 10, इंग्रजीचे 10. कॅस म्हणजे विद्यापीठाने दिलेला प्रवेशाचा इलेक्ट्रॉनिक दाखला. फी किती आणि त्यातली भरली किती हे त्यात असतं. उरलेली फी अधिक जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च एवढी रक्कम दाखवायची. नोव्हेंबर 2025 पासून हा खर्च लंडनमध्ये महिन्याला 1,529 पौंड आणि लंडनबाहेर 1,171 पौंड धरला जातो. म्हणजे मँचेस्टरला वर्षभराच्या एमएस्सीला जाणाऱ्याला नऊ महिन्यांचे 10,539 पौंड अधिक उरलेली फी. ही रक्कम खात्यात सलग 28 दिवस असावी लागते, आणि त्या 28 दिवसांचा शेवट अर्जाच्या तारखेच्या आधी 31 दिवसांच्या आत यावा लागतो.

वाक्य सोपं आहे, चुका त्याच्या आत आहेत. 10 जुलैला पैसे जमा झाले तर 28 वा दिवस 6 ऑगस्टला येतो. मध्ये 1 ऑगस्टला म्युच्युअल फंडाची एसआयपी कापली गेली आणि शिल्लक एका दिवसापुरती ठरलेल्या रकमेखाली गेली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सप्टेंबरच्या कोर्सला हे तीन-चार आठवडे परवडत नाहीत. दुसरी चूक विनिमय दराची. रुपये पौंडात बदलून बघितले जातात ते अर्जाच्या दिवशीच्या दराने, पैसे भरले त्या दिवशीच्या नव्हे. काठावर रक्कम ठेवणारा रुपया घसरला की अडकतो. पाच-सात टक्के जास्त ठेवलेले बरे. पीएफ, शेअर, म्युच्युअल फंड यांची किंमत इथे धरत नाहीत, मग सीएने कितीही सुबक नेटवर्थ सर्टिफिकेट दिलेलं असो. खातं स्वतःचं किंवा आईवडिलांचं चालतं, सोबत जन्मदाखला आणि पालकांचं संमतीपत्र लागतं. मामाचं किंवा काकांचं खातं चालत नाही, ते कितीही जवळचे असले तरी. आईचं खातं दाखवायचं आणि जन्मदाखल्यावर तिचं माहेरचं नाव असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला जोडावा. जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवं.

महाराष्ट्रात एक खास अडचण आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आपल्याकडच्या अनेक घरांची बचत पतसंस्थेत असते; व्याज अर्धा-एक टक्का जास्त मिळतं आणि व्यवस्थापक ओळखीचा असतो. ब्रिटनच्या नियमात पैसे ठेवणारी संस्था त्या देशातल्या वित्तीय नियामकाच्या देखरेखीखाली असावी लागते. पतसंस्था सहकार कायद्याखाली नोंदलेली असते, रिझर्व्ह बँकेच्या परवान्याची बँक नसते. नागरी सहकारी बँक आणि पतसंस्था यांतला हा फरक जूनमध्ये कळला तर मुदतीची ठेव मोडून, बँकेत टाकून, 28 दिवस मोजायला वेळ असतो. ऑगस्टमध्ये कळला तर नसतो.

कर्जाचंही तसंच. शैक्षणिक कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर असेल आणि बँकेचं पत्र अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतलं असेल, तर 28 दिवसांची अट लागत नाही. पण वडिलांनी घरावर टॉप-अप लोन काढलं तर ते शैक्षणिक कर्ज नव्हे. ते पैसे खात्यात येऊन 28 दिवस मुरावे लागतात. हा बारकावा ज्याच्या घरचं कर्ज आहे त्यालाच ठाऊक असतो. कन्सल्टन्सीतल्या ज्या मुलीकडे एका वेळी पन्नास-साठ फाईली आहेत, तिच्यासाठी दोन्ही 'लोन'च.

आणि मग येतो तो प्रस्ताव: 'फंड कमी पडतात? महिनाभर दाखवून देतो, एवढं व्याज पडेल.' याला कुणी फसवणूक म्हणत नाही, 'अ‍ॅडजस्टमेंट' म्हणतात. अधिकारी बँकेकडे चौकशी करू शकतो. विद्यार्थ्याला व्हिडिओ मुलाखतीला बोलावून पैसे कुठून आले असंही विचारू शकतो, आणि तिथे उत्तर मुलाला द्यायचं असतं, फंड दाखवणाऱ्याला नाही. ब्रिटनमध्ये फसवणूक सिद्ध झाली तर अर्जांवर दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते, कॅनडात चुकीच्या माहितीबद्दल पाच वर्षं, ऑस्ट्रेलियात तीन. अमेरिकेत ती मुदतीशिवाय असते. या बंद्या विद्यार्थ्याच्या पासपोर्टला चिकटतात. एजंट पुढच्या वर्षी त्याच रस्त्यावर नव्या पाटीने बसतो.

शेतकरी घरातल्या मुलांची अडचण वेगळी. बारामती, जुन्नर, संगमनेरकडून पुण्यात शिकायला आलेल्या मुलाच्या घरी ऊस आणि द्राक्षाचं उत्पन्न चांगलं असतं, पण शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून वडिलांचं आयटी रिटर्न नाममात्र किंवा नाहीच. फाईलमध्ये सातबारा लावला जातो. सातबारा जमीन दाखवतो, घराशी नातं दाखवतो, रोकड दाखवत नाही. अधिकाऱ्याला दिसतं ते एवढंच: उत्पन्न जवळपास शून्य आणि खात्यात एकाएकी वीस लाख. त्याऐवजी कारखान्याची ऊसबिलं, बाजार समितीच्या पट्ट्या, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि ती बिलं ज्या खात्यात जमा झाली त्याचं वर्षभराचं स्टेटमेंट, असं एकमेकांशी जुळणारं लावलं आणि सोबत अर्ध्या पानात समजावलं, तर तेच वीस लाख वेगळे दिसतात. हे अर्धं पान लिहायला शेती माहीत असावी लागते. ती मुलाला माहीत असते.

अमेरिकेचा रस्ता वेगळा आहे. तिथे खात्यातल्या दिवसांची मोजणी नाही, पण खिडकीपलीकडचा माणूस आहे. आय-20 आल्यावर सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेची 350 डॉलर फी, 185 डॉलरची व्हिसा फी, डीएस-160, मग बायोमेट्रिक आणि मुलाखत असे दोन स्लॉट. मुलाखत मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलात. पुण्याच्या मुलाचा स्लॉट सकाळचा असेल तर आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करावा हे बरं. एक्स्प्रेस वेवर घाटात काय होईल ते सांगता येत नाही, आणि आत मोबाइल नेता येत नसल्याने तो ठेवायची सोयही बघावी लागते. मुलाखत चालते दोन-तीन मिनिटं. जाडजूड फाईल बहुतेक वेळा उघडलीही जात नाही, पण डीएस-160 अधिकाऱ्याच्या पडद्यावर असतो. तिथल्या कायद्याचं कलम 214(बी) सांगतं की अर्जदार कायमचा राहायलाच येतो आहे असं गृहीत धरायचं; तसं नाही हे पटवायची जबाबदारी अर्जदाराची. हेच विद्यापीठ का, पैसे कोण देणार, परत येऊन काय करणार, ही तीन-चार वाक्यं मुलाची स्वतःची नसतील तर ती तशी ऐकू येतात. एकाच क्लासमध्ये पाठ केलेलं उत्तर एका सकाळी चार मुलांनी दिलं की पाचव्याचं काय होणार हे वेगळं सांगायला नको.

डीएस-160 मध्ये एक प्रश्न थेट आहे: हा अर्ज भरायला तुम्हाला कुणी मदत केली का? एजंट तिथे 'नाही' टाकतात. म्हणजे पहिलं खोटं उत्तर अर्ज भरण्याबद्दलचंच. मागच्या पाच वर्षांत वापरलेली समाजमाध्यमांची सगळी खाती त्यात लिहावी लागतात, आणि जून 2025 पासून विद्यार्थ्यांना ती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं आहे. मुलाचं जुनं, विसरलेलं खातं कन्सल्टन्सीला कसं कळणार?

कॅनडात फी घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अधिकार फक्त परवानाधारक सल्लागारांना आणि वकिलांना आहे, आणि अशा प्रतिनिधीचं नाव वेगळ्या फॉर्ममध्ये कळवावं लागतं. पुण्यातल्या कन्सल्टन्सीला त्यांचा परवाना क्रमांक विचारला की संभाषण पटकन मोफत सेवेकडे वळतं. नोव्हेंबर 2024 मध्ये झटपट निकालाची एसडीएस योजना बंद झाली, सप्टेंबर 2025 पासून राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम 22,895 कॅनेडियन डॉलर झाली. तरी जुन्या रकमेची छापील पत्रकं वाटली जातात.

या सगळ्यांत वाईट प्रकार मात्र नकार लपवण्याचा. अर्जाचा ईमेल एजंटाचा असल्याने नकाराचं पत्रही त्याच्याकडेच जातं. मुलाला सांगितलं जातं, 'रिजेक्ट झाला, आपण दुसऱ्या देशात टाकू.' पत्रातली कारणं त्याला कधी दिसत नाहीत, म्हणून ती दुरुस्तही होत नाहीत. पुढच्या देशाच्या अर्जात प्रश्न असतो: याआधी कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का? ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया तिघेही हे विचारतात. एजंट 'नाही' लिहितो, कारण 'हो' लिहिलं की स्पष्टीकरण लिहावं लागतं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश बायोमेट्रिक माहिती आपसात तपासतात. जुना नकार हा बहुतेक वेळा सावरता येणारा दोष असतो. तो लपवणं हा वेगळाच, जास्त महाग दोष.

जर्मनीचं थोडक्यात: नोव्हेंबर 2022 पासून आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं एपीएस प्रमाणपत्र लागतं, फी 18,000 रुपये, आणि ते हातात यायला काही आठवडे जातात, त्यामुळे सुरुवात तिथून. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाचे 11,904 युरो. व्हिसा नाकारल्यास दूतावासाकडे फेरविचार मागायची सोय 1 जुलै 2025 पासून बंद झाली. आता नवा अर्ज किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. म्हणजे पहिला अर्ज नीट असणं पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचं. बोट क्लब रोडवरच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकणारी बरीच मुलं हे आधीच जाणून असतात. ती स्वतःची फाईल स्वतः करतात, आणि ते जमतं याचा हा चालताबोलता पुरावा.

यावर एक आक्षेप खरा आहे. ज्याच्या घरात पासपोर्टच पहिल्यांदा आला, त्याने हे सगळं एकट्याने कसं करायचं? सुखवस्तू घरातल्या मुलाला बोस्टनमधली आतेबहीण असते. इंदापूरच्या मुलाला कन्सल्टन्सीच असते. चांगले सल्लागार पुण्यात आहेत, चूक दाखवणारे, 'हा कोर्स नको' असं तोंडावर सांगणारे, आणि त्यांची फी वाजवी असते. त्यांना हाकलून द्या असं इथे म्हणणं नाहीच. डॉक्टर औषध लिहून देतो, पण केसपेपर रुग्णाकडे असतो. तेवढाच हा मुद्दा. उलट इंदापूरच्या मुलाला याची जास्त गरज आहे, कारण एक नकार त्याच्या घराला जास्त महाग पडतो.

मग कायदा करावा का? 1983 चा स्थलांतर कायदा परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटांना नोंदणी लावतो. शिक्षणासाठी पाठवणारे त्यात येत नाहीत. पंजाबने 2012 मध्ये कायदा करून ट्रॅव्हल एजंट आणि व्हिसा सल्लागारांना परवाना सक्तीचा केला. तरीही 2023 मध्ये कॅनडाला गेलेल्या शेकडो पंजाबी विद्यार्थ्यांची ऑफर लेटर बनावट निघाली, आणि धागा जालंधरच्या एजंटापर्यंत गेला. त्या मुलांना आपलं पत्र खोटं आहे हे कळलं ते तिथे शिकून, नोकरी करून, कायम वास्तव्याचा अर्ज केल्यावर. कॅनडाने त्यानंतर 1 डिसेंबर 2023 पासून प्रत्येक प्रवेशपत्र थेट विद्यापीठाकडून पडताळायला सुरुवात केली. परवान्याने दुकानाची पाटी तपासली जाते, फाईल नाही. महाराष्ट्राने नियम करायचाच तर दोनच गोष्टींचा करावा: कमिशन लेखी सांगणं, आणि अर्जाचं लॉगिन विद्यार्थ्याच्या स्वतःच्या ईमेल आणि मोबाइलवरच उघडणं. पोलिसांना त्याची तपासणी पाच मिनिटांत करता येते.

विद्यापीठ आणि कॉलेजांना तर कायद्याचीही वाट बघायची गरज नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने ट्रान्सक्रिप्टवर नाव पासपोर्टच्या क्रमाने छापायचा पर्याय दिला, तर नावाची निम्मी भानगड तिथेच संपेल. कॉलेजात प्लेसमेंट सेल असतो, त्याला वेगळी खोली, वेगळा फलक, वेगळा समन्वयक. परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी एक टेबलही नसतं. तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीत पासपोर्ट आणि गुणपत्रिका शेजारी ठेवून नाव तपासणं, इंग्रजी माध्यमाचं आणि बॅकलॉगचं पत्र आठवड्यात देणं, मागच्या वर्षीच्या नकारांची कारणं नावं काढून फलकावर लावणं, यासाठी एक जाणता कारकून पुरतो. आणि शासकीय परदेश शिष्यवृत्तीची पत्रं वेळेत निघायला हवीत. ब्रिटनमध्ये सरकारी शिष्यवृत्तीचं पत्र असलं की तेवढ्या रकमेसाठी 28 दिवसांची अटच लागत नाही, पण ते पत्र अर्जाच्या दिवशी हातात असावं लागतं. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघणारं समाजकल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. सप्टेंबरच्या कोर्सच्या विद्यार्थ्याला जुलैत पत्र मिळालं नाही तर त्याच्या घरच्यांनी खात्यात काय दाखवायचं?

ज्यांची फाईल आत्ताच कन्सल्टन्सीत आहे, त्यांनी निदान एवढं करावं. डीएस-160 चा अर्ज क्रमांक आणि त्याच्या सुरक्षा प्रश्नाचं उत्तर मागून घ्यावं. या दोन्हींसोबत आडनावाची पहिली पाच अक्षरं आणि जन्मसाल टाकलं की अर्ज उघडतो आणि वाचता येतो. कॅनडाच्या खात्याचं युजरनेम, पासवर्ड आणि सुरक्षा प्रश्न घ्यावेत. ब्रिटनच्या अर्जातला ईमेल स्वतःचा आहे का ते बघावं. द्यायला टाळाटाळ झाली आणि अर्ज अजून पाठवलेला नसेल, तर नवा सुरू करावा. डीएस-160 भरायला पैसे लागत नाहीत. फक्त मुलाखतीचा स्लॉट आधीच घेतलेला असेल तर तिथल्या प्रोफाइलमध्ये जुन्याच्या जागी नवा क्रमांक टाकायला विसरू नये, कारण दोन्ही क्रमांक जुळले नाहीत तर मुलाखतीच्या दिवशी दारातूनच परत यावं लागू शकतं.